कोलेन्सो : गणिताचा मास्तर, नाताळचा बिशप आणि बायबलमधली बेरीज-वजाबाकी

गणितवेडा (धागाकर्ता)

शाळेसाठी अंकगणिताचं पुस्तक लिहिणाऱ्या मास्तरला बिशप केलं तर काय होतं, याचं उत्तर 1862 साली इंग्लंडच्या चर्चला मिळालं. आणि ते त्यांना अजिबात झेपलं नाही.

जॉन विल्यम कोलेन्सो. जन्म 24 जानेवारी 1814, इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या सेंट ऑस्टेलला. वडिलांनी कथलाच्या खाणीत पैसे घातले आणि खाणीत समुद्राचं पाणी शिरलं. घर बसलं. पोरगा कोवळ्या वयात डार्टमथच्या एका शाळेत हाताखालचा मास्तर म्हणून राबू लागला. पुढे केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेला तोही 'सायझर' म्हणून. सायझर म्हणजे गरीब विद्यार्थी, फीमध्ये सवलत मिळणारा. 1836 च्या गणिताच्या परीक्षेत गडी विद्यापीठात दुसरा आला.

मग हॅरो शाळेत गणिताचा शिक्षक. त्या काळी अशा शाळांत मास्तरांची खरी कमाई पगारातून नाही, घरात राहायला ठेवलेल्या मुलांकडून होत असे. कोलेन्सोने त्यासाठी मोठं घर घेतलं, तर शाळेतली मुलंच घटत चालली आणि वर घराला आग लागली. डोक्यावर कर्जाचा डोंगर. परत केंब्रिजला येऊन शिकवण्या धरल्या आणि पाठ्यपुस्तकं लिहिली : आधी बीजगणित, मग 1843 मध्ये अंकगणित. ही पुस्तकं तुफान चालली. त्यांचे हक्क लाँगमन्सला 2,400 पौंडांना विकून त्याने कर्जातून मान सोडवली. साम्राज्यभरच्या पोरांना त्रैराशिकं घालणारा 'कोलेन्सो' तो हाच.

1846 मध्ये सेरा फ्रान्सिस बन्यनशी लग्न झालं आणि नॉरफकमधल्या फॉर्नसेट गावी पाद्री म्हणून नेमणूक झाली. 30 नोव्हेंबर 1853 ला तो दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीचा पहिला बिशप झाला. आठवड्याभराने, 8 डिसेंबरला, केपटाऊनचे बिशप रॉबर्ट ग्रे यांचंही पद नव्याने मुक्रर झालं, कोलेन्सोचे वरिष्ठ म्हणून. या माणसाचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पीटरमॅरिट्झबर्गजवळ त्याने मिशन उभारलं, एकुखान्येनी. झुलू सरदारांच्या मुलांसाठी शाळा, छापखाना, शेती. राजा म्पांडेचा एक मुलगा म्खुंगो तिथेच शिकत होता. कोलेन्सोने झुलू भाषेचं व्याकरण केलं, 1861 मध्ये शब्दकोश छापला, नवा करार भाषांतरित केला. झुलू लोक त्याला 'सोबान्तु' म्हणू लागले, म्हणजे लोकांचा बाप. शिवाय, ज्याच्या आधीच दोन-तीन बायका आहेत त्याला बाप्तिस्म्यासाठी एक ठेवून बाकीच्या हाकलायला लावू नका, असं त्याने छापून मांडलं. त्या बायकांनी आणि पोरांनी जायचं कुठे, हा त्याचा साधा सवाल. इतर मिशनरी तेव्हापासूनच त्याच्यावर डूख धरून होते.

आता मुख्य प्रसंग. तो उत्पत्तीच्या पुस्तकाचं झुलूत भाषांतर करत होता. मदतीला विल्यम एन्गिडी नावाचा झुलू गृहस्थ. जलप्रलयाची गोष्ट आली. एन्गिडीने विचारलं, हे सगळं खरंच असं घडलं? उष्ण देशातले, थंड देशातले, सगळे पशुपक्षी जोडीजोडीने चालत तारवात आले? आणि नोहाने सगळ्यांचं खाणं साठवलं? वाघ-गिधाडांचंसुद्धा?

कोलेन्सोने भूगर्भशास्त्र वाचलेलं होतं. असा जागतिक प्रलय झाला नाही हे त्याला ठाऊक होतं. देवाच्या नावाने खोटं बोलू का, असं आपण स्वतःला विचारलं आणि तसं करवेना, हे त्याने पुढे प्रस्तावनेत लिहून टाकलं.

आणखी एक प्रसंग तिथेच आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. निर्गमच्या 21 व्या अध्यायात एक नियम आहे : मालकाने गुलामाला काठीने मारलं आणि तो एक-दोन दिवस तगून मग मेला, तर मालकाला शिक्षा नाही, कारण गुलाम म्हणजे त्याचाच पैसा. हे भाषांतर करताना तो झुलू माणूस अक्षरशः शहारला. ज्या देवाची तुम्ही एवढी थोरवी सांगता तो असं बोलेल? माझ्या मते कोलेन्सोला हलवलं ते याने. तारवाचा हिशेब नंतरचा.

पण हिशेब त्याने मांडलाच, आणि मास्तरी पद्धतीने मांडला. 1862 पासून 1879 पर्यंत सात भागांत पंचग्रंथ (बायबलची पहिली पाच, मोशेची मानली जाणारी पुस्तकं) आणि यहोशवाची चिकित्सा छापली. पहिल्या भागातली ही काही गणितं :

इजिप्तमधून निघालेले लढाऊ पुरुष सहा लाख. म्हणजे बायका, पोरं, म्हातारे धरून वीस लाखांच्या घरात. एवढी माणसं गुराढोरांसह एका रात्रीत निघाली?

गणनाच्या तिसऱ्या अध्यायात प्रथम जन्मलेले पुत्र 22,273. एकूण पुरुष-मुलगे नऊ लाख धरले तर दर आईमागे सरासरी 42 मुलगे येतात. मुली वेगळ्याच.

बाळंतपणानंतर अर्पण करायच्या कबुतरांपैकी पापार्पणाचं कबुतर याजकाने पवित्र जागी स्वतः खायचं. याजक तीन. लोकसंख्येवरून रोजची बाळंतपणं काढली, तर दर याजकाने दिवसाला 88 कबुतरं संपवायची.

चर्चमध्ये हलकल्लोळ माजला. जर्मन पंडितांनी याहून खोल चिकित्सा आधीच केलेली होती, पण ती जर्मनमध्ये आणि विद्वानांपुरती. इथे खुद्द बिशप, आणि भाषा चौथीच्या गणिताची. ती प्रत्येकाला कळत होती, हाच गुन्हा. बिशप ग्रेने 1863 च्या अखेरीस केपटाऊनमध्ये धर्मन्यायालय भरवून त्याला पदच्युत केलं. कोलेन्सो लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाकडे गेला. मार्च 1865 मध्ये निकाल लागला : ग्रेची कारवाई कायद्याने शून्य, कारण त्याला तो अधिकार देणारं राजपत्रच तेवढ्या ताकदीचं नव्हतं. ग्रेने मग 1866 मध्ये त्याला धर्मबहिष्कृत केलं, आणि 1869 मध्ये मॅक्रोरी नावाचा दुसरा बिशप आणून बसवला. एका गावात दोन बिशप, दोन कॅथेड्रल. एक कायद्याचा, एक धर्माचा.

बहुतेक लोक कोलेन्सोची गोष्ट इथे संपवतात. मला त्याचा उत्तरार्ध जास्त मोठा वाटतो. आता टंकून हात दुखले, प्रतिसादांत लिहितो.

---

माळावरचा

वाचतोय. पुढचं लवकर टाका, क्रमशः लिहून पसार होऊ नका.

---

तिरपागडी

सभामंडपाचं गणित का गाळलंत? ते तर सगळ्यात भारी आहे. लेवीयमध्ये 'सर्व मंडळी दर्शनमंडपाच्या दाराशी जमली' असं आहे. मंडपाची रुंदी 18 फूट. दोन फुटांना एक धरून एका रांगेत 9 माणसं. सहा लाख तीन हजार पुरुष भागिले 9, म्हणजे साधारण 67,000 रांगा. रांगेमागे रांग दीड फुटावर. एक लाख फूट. मैल काढा : 19. शेवटच्या माणसाला दारात काय चाललंय ते कळायला घोडेस्वार पाठवावा लागेल.

मुंबईच्या लोकलमध्ये बसवलं तर कमी जागेत मावतील, हे कोलेन्सोला ठाऊक नव्हतं.

---

अहमदनगरी

मी मराठी ख्रिस्ती घरातला, लहानपणापासून संडे स्कूल. तिथे कोलेन्सोचं नाव कधी निघालं नाही, आश्चर्य नाही. पण एक सांगतो. या वादाच्या धगीतच 1866 मध्ये सॅम्युएल स्टोन नावाच्या पाद्र्याने एक स्तोत्र लिहिलं, त्यात मंडळी फुटीने चिरली गेली आहे, पाखंडाने गांजली आहे अशा ओळी आहेत. ते स्तोत्र आजही जगभर गायलं जातं. लग्नातसुद्धा. वधूवरांना कल्पना नसते की आपण एका गणिताच्या मास्तरवरचा राग आळवतोय.

आणि जगभरच्या अँग्लिकन बिशपांची पहिली लँबेथ परिषद 1867 मध्ये भरली, तिच्या मागेही बऱ्याच अंशी हेच प्रकरण.

एक मतभेद मात्र नोंदवतो. हिशेब चुकीचा दाखवला म्हणून ग्रंथ खोटा ठरत नाही. जुन्या ग्रंथांत संख्या अशाच असतात. महाभारतातल्या अक्षौहिणी मोजायला बसलं तर कुरुक्षेत्रात पाय ठेवायला जागा उरणार नाही.

---

गणितवेडा

अहमदनगरी, अगदी मान्य, आणि गंमत म्हणजे कोलेन्सोलाही ते मान्य होतं. त्याचा ईश्वरावरचा विश्वास शेवटपर्यंत शाबूत होता. त्याचं म्हणणं एवढंच की अक्षरन् अक्षर ऐतिहासिक सत्य आहे असं झुलूंना शिकवू नका. मॅथ्यू अर्नोल्ड या कवी-समीक्षकाने उलट बाजूने त्याला झोडपलं : विद्वानांना नवं काही दिलं नाही आणि सामान्य माणसाच्या श्रद्धेलाही काही दिलं नाही. मला हा आक्षेप उच्चभ्रूपणाचा वाटतो. प्रश्न एन्गिडीने विचारला होता, उत्तरही त्याला कळेल असंच हवं होतं.

आता उत्तरार्ध.

1873. ह्लुबी जमातीचा प्रमुख लांगालिबालेले. त्याची तरुण पोरं किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीत कामाला जात आणि मजुरीत बंदुका घेऊन येत. सरकारचा हुकूम : बंदुका नोंदवा. त्याने टाळाटाळ केली, बोलावणं आलं तर गेला नाही, शेवटी माणसांसह डोंगर ओलांडून बसुटोलँडकडे (आजचं लेसोथो) निघाला. 4 नोव्हेंबरला बुशमन्स रिव्हर पासवर चकमक झाली, सरकारच्या बाजूची पाच माणसं पडली. मग जमातीवर सूड : गुरं जप्त, जमीन जप्त, बाया-पोरं गोऱ्यांच्या शेतांवर वाटून दिली. 1874 मध्ये खटला झाला, त्यात गव्हर्नर पाइन हाच न्यायाधीश. आरोपीला वकील मिळू दिला नाही. शिक्षा जन्मभर हद्दपारी, जागा रॉबेन बेट. होय, तेच, मंडेलांचं.

खटल्यातला मोठा आरोप हा की, सरकारी दूत माहोयिझा याला ह्लुबींनी नागडं करून त्याची विटंबना केली. कोलेन्सोने साक्षीदार शोधून काढले, एकेकाला घरी बोलावून झुलूत जबाब घेतले, ताडून पाहिले. निघालं काय? दूताला कोट-जॅकेट तेवढं काढायला लावलं होतं, आत हत्यार आहे का ते बघायला. पण एवढा संशय का? कारण 1858 मध्ये जॉन शेपस्टन या अधिकाऱ्याने मात्शाना नावाच्या प्रमुखाला बोलणी करायला बोलावलं आणि लपवलेली बंदूक काढली होती. ते लोक विसरले नव्हते.

जॉन हा थिओफिलस शेपस्टनचा भाऊ. थिओफिलस म्हणजे नाताळचा एतद्देशीय खात्याचा सर्वेसर्वा आणि कोलेन्सोचा वीस वर्षांचा जिवलग दोस्त. दोस्ती तिथेच तुटली. गोऱ्या वसाहतीत बिशपाला कोणी विचारेना. बायबलवरून चाललेल्या वादात ज्यांनी त्याला साथ दिली होती, त्यांनीही पाठ फिरवली. मोशेच्या हिशेबात चूक काढलेली चालत होती, आपल्या नाही.

1874 मध्ये तो लंडनला गेला, वसाहतमंत्री लॉर्ड कार्नार्व्हनला कागद दाखवले. पाइनला परत बोलावलं गेलं. लांगालिबालेलेला बेटावरून मुख्य भूमीवर आणलं, पण घरी जाऊ दिलं ते थेट 1887 मध्ये.

---

निखारा

लेख चांगला, पण आरती फार ओवाळली जातेय. हा माणूस शेवटी साम्राज्याचा पगारी नोकर होता. सरदारांच्या मुलांची शाळा कशासाठी? पुढची राजवट आपल्या मुठीत राहावी म्हणून. वीस वर्षं शेपस्टनच्या गळ्यात गळा घालून राज्य चालवायला मदत केलीच ना? न्याय मागायला गेला तोही लंडनलाच. झुलूंचं राज्य झुलूंनाच ठेवा, इंग्रजांनी चालते व्हा, असं कधी म्हणाला का?

---

गणितवेडा

निखारा, शाळेबद्दल आणि शेपस्टनबद्दल तुमचं बरोबर आहे. ब्रिटिश न्याय नावाची काही चीज आहे असं तो प्रामाणिकपणे मानत होता, आणि त्या मापाने ब्रिटिशांना मोजत होता. आपल्याकडे दादाभाईंनी तेच केलं. 'चालते व्हा' म्हणायची पायरी त्याच्या काळात गोऱ्यांपैकी कोणी चढलं असेल तर दाखवा. ज्याला आयुष्यभर त्याच वसाहतीत राहायचं होतं त्याने हे केलं, हे मला कमी वाटत नाही.

---

कंदी_पेढेवाला

सातारकरांसाठी एक धागा जोडतो. इंग्रजांचं 1879 चं झुलू युद्ध पेटवणारा हाय कमिशनर कोण? सर बार्टल फ्रियर! आपल्या साताऱ्याचा रेसिडेंट. 1848 मध्ये आप्पासाहेब महाराज गेले तेव्हा त्यांचं दत्तकविधान मान्य करावं, राज्य खालसा करू नये, असं याच फ्रियरने वर लिहिलं होतं. डलहौसीने ऐकलं नाही, आणि मग फ्रियरच साताऱ्याचा कमिशनर झाला. 1862 ते 67 मुंबईचा गव्हर्नर, किल्ल्याची तटबंदी त्याच्याच काळात पाडली.

1877 मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत गेला. नाताळने नेमलेल्या सीमा आयोगाचा निर्णय बहुतांशी झुलूंच्या बाजूने लागला. तो फ्रियरने दाबून ठेवला आणि 11 डिसेंबर 1878 ला निवाडा सांगायला म्हणून बोलावलेल्या झुलू दूतांच्या हातात खलिता दिला : तीस दिवसांत तुमची लष्करी व्यवस्था मोडा. राजा सेत्श्वायोने असं काही मान्य करणं शक्यच नव्हतं. साताऱ्यात दत्तकाची बाजू घेणारा माणूस तीस वर्षांनी असा होतो. अधिकार वाढला की नजर बदलते की काय, इतिहासवाल्यांनी सांगावं.

---

गणितवेडा

कंदी_पेढेवाला, धन्यवाद, फ्रियरवर मी येणारच होतो. कोलेन्सोने त्याच्याशी लांबलचक पत्रव्यवहार केला. सरकारी कागदपत्रांचे उतारे स्वतःच्या छापखान्यात छापून, शेजारी आपली टिपणं घालून तो ते इंग्लंडला पाठवत राहिला. त्या पानांवर आमच्या वह्यांवरच्या लाल शाईची कळा आहे : हे विधान अमुक तारखेच्या तुमच्याच पत्राशी जुळत नाही, पुन्हा करून आणा.

22 जानेवारी 1879 ला इसांडलवानाला झुलूंनी इंग्रज तळ कापून काढला, तेराशेवर माणसं मेली. वसाहत सुडाने पेटली होती. 12 मार्चला प्रार्थनेचा सार्वजनिक दिवस पाळला गेला आणि कोलेन्सोने आपल्या कॅथेड्रलमध्ये, पीटरमॅरिट्झबर्गच्या सेंट पीटर्समध्ये, प्रवचन केलं. वचन घेतलं मीखाचं : न्यायाने वाग, दयेची आवड धर, देवासमोर नम्रपणे चाल. आणि समोर बसलेल्या, घरात सुतक असलेल्या गोऱ्यांना विचारलं, झुलूंशी आपण यातलं काय केलं?

---

पैठणकर_ताई

बायकांचं कोणी लिहीत नाहीये म्हणून मी लिहिते. इसांडलवानाला पडलेला कर्नल अँथनी डर्नफर्ड हा कोलेन्सोंच्या घरी येणारा-जाणारा. पासवरच्या चकमकीत त्याचा एक हात कायमचा निकामी झाला होता. दुसरी मुलगी फ्रान्सिस आणि तो यांचं मनापासून होतं, पण त्याची विभक्त झालेली बायको इंग्लंडात हयात. पराभवाचं सगळं खापर मेलेल्या डर्नफर्डवर फुटलं. फ्रान्सिसने टोपणनावाने त्याच्यावर पुस्तक लिहिलं, त्याच्या भावाबरोबर झुलू युद्धाचा इतिहास लिहिला, आणि 1887 मध्ये वारली.

थोरली हॅरिएट. झुलू अस्खलित, बापाचा उजवा हात. 1883 ला कोलेन्सो गेला, पुढच्याच वर्षी घर जळालं. पण ही बाई हटली नाही. सेत्श्वायोचा मुलगा दिनुझुलू याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला तेव्हा वकील उभे करण्यापासून कागद जमवण्यापर्यंत सगळं हिने केलं. त्याला सेंट हेलेनाला धाडलं तरी पाठपुरावा चालूच. 1932 मध्ये गेली. तुम्ही सगळे बिशप बिशप करताय, पण मला विचाराल तर घरातला सर्वात चिवट माणूस हॅरिएट.

---

तिरपागडी

ताई, दंडवत. +१

अवांतर : सौ. कोलेन्सोची बहीणही हॅरिएटच, आणि तिचा नवरा मॅक्डुगल हा बोर्निओतल्या सारावाकचा बिशप. एकाच घरचे दोन जावई, दोन खंडांत दोन बिशप. मानपानाची पंचाईत झाली असेल.

---

जुना_पाटीवाला

मास्तर-बिशपच हवा तर आपल्या बाजूचा जॉर्ज कॉटन घ्या ना. इंग्लंडच्या रग्बी शाळेत हेडमास्तर थॉमस अर्नोल्डच्या हाताखाली तयार झाला, 1852 मध्ये मार्लबरोचा हेडमास्तर. त्या शाळेत वर्षभरापूर्वीच पोरांनी बंड करून धुमाकूळ घातला होता. याने त्यांना खेळाच्या मैदानावर उतरवलं आणि मॉनिटरांच्या हाती शिस्त दिली, शाळा सावरली. 1858 मध्ये कलकत्त्याचा बिशप. सिमल्याची बिशप कॉटन शाळा त्याचीच, बंगळूरची त्याच्या नावाची. 6 ऑक्टोबर 1866 ला पूर्व बंगालात कुष्टियाला कबरस्तानाचा विधी उरकून परत बोटीवर चढताना फळीवरून पाय घसरला, गोराई नदीत पडला. देह मिळालाच नाही.

त्याच्या शाळा आजही भरतात. कोलेन्सोची कुठे आहे?

---

गणितवेडा

एकुखान्येनीची शाळा 1861 मध्येच मोडली, झुलू स्वारीच्या अफवेने मुलं पांगली. पण तिथला एक विद्यार्थी बघा : मागेमा फुझे. पोरवयात आला, छापखान्यात खिळे जुळवायला शिकला. 1859 मध्ये कोलेन्सोबरोबर राजा म्पांडेच्या भेटीला गेला, त्या प्रवासाचं त्याने लिहिलेलं वर्णन 1860 मध्ये छापलं गेलं. साक्षीदार शोधण्याच्या कामातही तो होता. दिनुझुलूकडे सेंट हेलेनाला जाऊन त्याचा कारकून झाला. आणि 1922 मध्ये त्याने आपल्या लोकांचा इतिहास झुलू भाषेत स्वतः छापून आणला, झुलू माणसाने झुलूत लिहिलेलं पहिलं मोठं पुस्तक. कॉटनच्या शाळांतून साहेब, वकील, जनरल निघाले. या मोडक्या शाळेतून हा निघाला. मी तरी फुझेकडे झुकेन.

---

समुद्रापार

मी सध्या डर्बनला नोकरीला. इथून लेडीस्मिथकडे जाताना तुगेला नदीवर कोलेन्सो नावाचं गाव लागतं, याच बिशपाच्या नावाचं. 15 डिसेंबर 1899 ची बोअर युद्धातली लढाई तिथलीच. गांधीजींचं भारतीय रुग्णवाहक पथक, सुमारे अकराशे माणसं, त्यातली बरीच उसाच्या मळ्यातली गिरमिटिया, जखमींच्या डोल्या वाहायला याच लढाईत पहिल्यांदा उतरलं. गणितवेडा, पीटरमॅरिट्झबर्गला बिशपाची कबर कुठेशी आहे? पुढच्या महिन्यात जाणं आहे.

---

गणितवेडा

सेंट पीटर्समध्ये, वेदीच्या समोर. चर्च जुनं आहे, आधी उघडं असतं का ते फोन करून विचारा. फोटो काढलेत तर इथे नक्की टाका, आणि जमलं तर बिशप्सटोवला, म्हणजे त्याच्या घराच्या जागीही चक्कर मारा, शहरापासून काही मैलांवर आहे.

---

माळावरचा

आणि एन्गिडीचं पुढे काय झालं?

---

गणितवेडा

तो मिशन सोडून आपल्या लोकांत परत गेला, झुलू रीतीने राहू लागला. लंडनमध्ये तोवर त्याच्यावर विनोदी कवनं रचली जात होती : बिशप गेला झुलूला बाटवायला, झुलूने बिशपालाच बाटवलं. तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान डिझरायली यांच्या नावावरही एक खोचक वाक्य आहे की हे झुलू लोक विलक्षणच, आमच्या सेनापतींना हरवतात आणि आमच्या बिशपांचं धर्मांतर करतात. एन्गिडीने यातलं किती ऐकलं असेल कोण जाणे, पण त्याची कोलेन्सोला आलेली पत्रं छापलेली आहेत. शोधून त्यावर वेगळा धागा काढतो.